दिवाणखान्यातला जार

आमच्या बेळगावच्या घरी दिवाणखान्यात एक मोठी तसबीर आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर तांबूस घुमट तरंगतो आहे आणि त्याखाली सोनेरी तंतूंचा झुबका मोकळा सुटला आहे. पाहुणे म्हणतात, ‘काय सुंदर फूल आहे हो!’ माझा जन्म शिक्षकी पेशात गेला. ‘फूल नव्हे, जेलीफिश,’ अशी दुरुस्ती करण्यातही मला सुख वाटे.

गेल्या वर्षी मालवणचे एक स्नेही दवाखान्याच्या कामासाठी आमच्याकडे उतरले होते. त्यांची सारी हयात होडीवर गेलेली. त्यांनी तसबिरीकडे पाहिले नि हातातला कप खाली ठेवला. ‘गुरुजी, ह्यो जार घरात कशाक टांगल्यात?’

मासळीऐवजी जाळ्यात जारच भरून आला की दिवस फुकट जातो, जाळे झाडताना तंतू हाताला लागले की अंगाची आग होते, असे ते सांगत होते. बाही सारून त्यांनी मनगटावरचा जुना वण दाखवला. मी निरुत्तर झालो. ज्याने एकाची रोजी बुडते, ते दुसऱ्याने भिंतीवर टांगून ‘सुंदर’ म्हणावे काय?

ही तसबीर आपल्याकडच्या समुद्रातली नव्हे. रशियाच्या उत्तरेला, हिवाळ्यात गोठणाऱ्या श्वेत समुद्राच्या काठी मॉस्को विद्यापीठाचे जीवशास्त्र केंद्र १९३८ पासून आहे. तिथल्या पाणबुड्यांच्या पथकाचे प्रमुख राहिलेले अलेक्झांडर सेम्योनोव हे सागरी जीवशास्त्रज्ञ; त्यांनी बर्फगार पाण्यात उतरून अशी छायाचित्रे काढली. ‘सिंहाची आयाळ’ या नावाची ही जात. मोठ्यात मोठ्या प्राण्याचे तंतू तीस मीटरांहून लांब भरलेले आहेत. या जिवाला मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही; शरीरात शेकडा पंचाण्णव भाग पाणी. त्याला स्वतःचे रूप ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. ते सौंदर्य पाहणाऱ्याच्याच पदरचे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० मध्ये मांडले, की सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो. वस्तू लाभाची की तोट्याची, हा हिशेब त्यात नसतो. खरे आहे. पण आरामखुर्चीत बसलेल्याला हा हिशेब सोडणे सोपे. जाळे ओढणाऱ्याला ती चैन परवडत नाही. मग सौंदर्य म्हणजे सुखवस्तू माणसाची मिरासच ठरते की काय?

इथे मला एर्न्स्ट हेकेल आठवतो. ‘निसर्गातील कलारूपे’ या अर्थाच्या नावाचा त्याचा चित्रसंग्रह १९०४ मध्ये पूर्ण झाला. १८६४ मध्ये, त्याच्या तिसाव्या वाढदिवशीच, त्याची पत्नी आना गेली. पुढे एका जेलीफिशच्या लांब तंतूंत त्याला तिचे केस दिसले आणि त्या जातीला त्याने तिचे नाव दिले. त्याचे पाहणे काही सुखवस्तूचे नव्हते. दुःखाने पोळलेल्या माणसालाही सुंदर दिसते. कदाचित अधिकच दिसते.

आणि छायाचित्रकार तरी कुठे काठावर बसलेला असतो? जार वाळूवर पाहिला तर नुसता चिकट गोळा. त्याचे खरे रूप पाहायचे तर त्याच्याच पाण्यात, त्याच्या तंतूंच्या आसपास उतरावे लागते. एखाद्याला त्याच्या घरी जाऊन भेटावे, तसे.

तरीही त्या काळ्या पार्श्वभूमीचे काय? ती रात्र नव्हे. प्रकाशाचे दिवे बाजूला धरून, पाण्यातले तरंगणारे कण उजळू न देता, भर दिवसाही ती साधता येते. म्हणजे पाणी आणि त्यातला गाळ चौकटीबाहेर राहतो; जाळे आणि मनगटही राहते. हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. काहीतरी वगळल्याखेरीज काही दाखवताच येत नाही. खोटेपणा सुरू होतो तो, वगळले आहे याचा पाहणाऱ्याला विसर पडतो तेव्हा. ती चूक छायाचित्रकाराची नव्हती, माझी होती. वर्षानुवर्षे मी पाहुण्यांना नाव दुरुस्त करून देत होतो आणि अर्धीच गोष्ट सांगत होतो.

तसबीर मी उतरवली नाही. निघताना स्नेही पुन्हा तिच्यासमोर उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘पाण्यात असो दिसता, ह्या खरा.’ आणि नकळत मनगट चोळले.

आपण सीमेवरची माणसे. घरात एक भाषा, बाजारात दुसरी. एका वस्तूला दोन नावे असतात आणि दोन्ही खरी असतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. आता कुणी ‘काय सुंदर फूल!’ म्हटले, की मी आधी ‘जेलीफिश’ म्हणतो, मग ‘जार’ म्हणतो, आणि त्या मनगटाची गोष्ट सांगतो. ती ऐकूनही पाहुणे तसबिरीकडे पाहतच राहतात. फक्त थोडे अधिक गंभीरपणे.