लग्न खरें कशावरून?

खऱ्या गोष्टीसाठीं थोडें खोटें बोलावें कीं नाहीं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जुना आहे. पण आज ज्या जागीं तो रोज नव्यानें उभा राहतो, ती जागा जुन्या ग्रंथकारांच्या कल्पनेंत नव्हती. अमेरिकेचें नागरिकत्व घेतलेल्या मुलाशीं येथील मुलीचें लग्न होतें. तो तिच्यासाठीं तेथील सरकारकडे अर्ज करतो. आणि कांहीं महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, तिला मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत मुलाखतीचें बोलावणें येतें. पूर्वी ही वकिलात ब्रीच कँडीला समुद्रकांठीं होती. २०११ पासून ती वांद्रें-कुर्ला संकुलांत आहे. तेथें ती मुलगी उजवा हात वर करून शपथ घेते, आणि खिडकीपलीकडील अधिकारी तिला अनेक गोष्टी विचारतो. त्या सर्वांचें सार एकच असतें : तुमचें लग्न खरें कशावरून?

हा प्रश्न ऐकतांच आपल्याला प्रथम राग येतो. अग्नीच्या साक्षीनें, सगळ्या गोतावळ्याच्या देखत झालेलें लग्न खोटें कसें असेल? १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंहि, जेथें सप्तपदीचा विधि आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण झाला असें मानलें आहे. परंतु अधिकाऱ्याचा प्रश्न विधीविषयीं नसतो. विधि झाला, नोंदणी झाली, दाखला समोर आहे. त्याला जाणावयाचा असतो तो हेतु. अमेरिकेंतील एका अपील न्यायालयानें १९७५ सालीं 'बार्क' खटल्यांत याची कसोटी सांगितली ती अशी कीं, लग्न करतेवेळीं एकत्र संसार थाटण्याचा उभयतांचा हेतु होता कीं नाहीं, एवढेंच पाहावें. परदेशी माणसाचा संसार नागरिकांच्या संसारापेक्षां अधिक रूढ किंवा अधिक यशस्वी असला पाहिजे अशी अट घालतां येणार नाहीं, हेंहि त्या न्यायालयानें बजावलें. कसोटी उदार आहे. अडचण एवढीच कीं, हेतु डोळ्यांना दिसत नाहीं. मग जें दिसतें तेंच मोजलें जातें. छायाचित्रें, दूरध्वनीच्या नोंदी, विमानाचीं तिकिटें, बँकेचीं खातीं, आणि एकमेकांविषयींची माहिती.

आतां समजा, सांगलीची एक मुलगी आहे. स्थळ मामांनीं सुचविलें, पत्रिका जुळली, मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आला, दोघें दोनदां भेटलीं, त्यांतील एका भेटींत धाकटी बहीणहि बरोबर होती, आणि पुढच्याच आठवड्यांत अक्षता पडल्या. 'हाच नवरा कां पत्करला?' या प्रश्नाचें तिचें प्रामाणिक उत्तर असें : 'मामांनीं सांगितलें, आणि मला ते चांगले वाटले.' परंतु मुलाखतीपूर्वीं चार शहाणीं माणसें तिला सांगतात कीं, असलें उत्तर तेथें चालत नाहीं; वर्षभर ओळख होती म्हण, प्रेम होतें म्हण. लग्न तर खरेंच आहे. मग तें पटविण्यासाठीं एवढें बोललें तर कोणाचें काय जातें?

आमच्या परंपरेंत या सल्ल्याला आधार सांपडणार नाहीं असें नाहीं. महाभारतांत पांच प्रसंगींचें असत्य पातक मानलेलें नाहीं, आणि त्या पांचांत विवाह हा एक आहे. लोकमान्य टिळकांनींहि 'गीतारहस्यां'त सत्याच्या अपवादांचा ऊहापोह केला आहे. उलट कांटनें १७९७ च्या आपल्या निबंधांत दुसरें टोक गांठलें : घरांत लपलेल्या मित्राच्या मागावर आलेल्या खुन्याशींहि खोटें बोलूं नये! मला कांटचा कडकपणा झेपत नाहीं. परंतु महाभारतांतील सवलतहि येथें लागू पडते असें वाटत नाहीं. माझ्या समजुतीनें ती लग्न जमविण्यापुरती आहे, जमलेल्या लग्नाची साक्ष देण्यासाठीं नाहीं.

माहितीवरून नात्याची परीक्षा केली म्हणजे काय होतें, याचा इतिहास अमेरिकेपाशींच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत चिनी प्रवाशांची तपासणी होत असे. बापाला व मुलाला, नवऱ्याला व बायकोला वेगवेगळें बसवून विचारीत : गांवांतील तुमच्या रांगेंत घरें किती, जिन्याला पायऱ्या किती, विहीर कोणत्या बाजूला? खोटीं नातीं सांगून येणारे उत्तरांचे कागद पाठ करीत व किनारा येण्यापूर्वीं नष्ट करीत. परंतु ज्यांचें नातें खरें होतें, त्यांनाहि तशीच घोकंपट्टी करावी लागे. कारण स्वतःच्या घराच्या पायऱ्या कोण मोजून ठेवतो? खरा मुलगा अडखळे आणि तयारीचा तोतया सुटे.

इंग्लंडची गोष्ट याहून वाईट. १९७९ सालीं हीथ्रो विमानतळावर एका भारतीय स्त्रीची, ती अविवाहित वाग्दत्ता आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, कौमार्यपरीक्षा घेण्यांत आली. हा अपमान इतका उघड होता कीं, बोभाटा होतांच तो प्रकार बंद करावा लागला. पण पुढें १९९७ पर्यंत तेथें असा नियम होता कीं, लग्नाचा मुख्य हेतु इंग्लंडांत शिरणें हा नाहीं, हें अर्जदारानेंच सिद्ध करावें. आमच्याकडे वधू सासरीं जाते हें तेथील अधिकाऱ्यांनीं ऐकलेलें. मग जो वर बायकोच्या देशीं राहावयास निघाला, त्याचा हेतु त्यांना संशयास्पद वाटे. आमचीच रूढि आमच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभी राहिली!

इतकें असूनहि, हा प्रश्न विचारण्याचा त्या अधिकाऱ्याला अधिकारच नाहीं, असें म्हणणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं. परदेशस्थ नवऱ्यांनीं टाकलेल्या बायकांच्या तक्रारींसाठीं राष्ट्रीय महिला आयोगाला वेगळा कक्ष ठेवावा लागला आहे, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. नवऱ्याचें पूर्वी लग्न झालें होतें काय, असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा कोठें आहे, तो राहतो कोठें, करतो काय, हे प्रश्न वकिलातींत विचारले जातात. साखरपुड्यापूर्वीं ते मुलीच्या वडीलधाऱ्यांनीं विचारावयाचे होते. आम्ही पगार विचारतों, गोत्र विचारतों, आणि तेवढ्यावर मुलगी सात समुद्रांपलीकडे पाठवितों. (नवऱ्याला बायकोच्या पोषणाचें जें हमीपत्र सही करून द्यावें लागतें, तें नुसत्या घटस्फोटानें संपत नाहीं. त्या बाबतींत तो परका कायदा आमच्या याद्यांहून दूरदर्शी आहे!)

माझा आक्षेप आहे तो निराळा. थोडक्या मिनिटांत एकच माणूस हा निर्णय करतो, आणि अशा निर्णयाची उलटतपासणी तेथील न्यायालयें सहसा करीत नाहींत. नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला देशांत प्रवेश मिळावा, हा त्या नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं सांगितलें आहे. एवढी सत्ता हातीं असलेल्या अधिकाऱ्यानें 'मला ठाऊक नाहीं' हें उत्तरहि साक्ष म्हणून ऐकावयास शिकलें पाहिजे. ज्या पिढ्यांनीं अंतरपाट दूर झाल्यावर जोडीदाराला प्रथम पाहिलें, त्यांचे संसार काय खोटे होते?

आणि सांगलीच्या मुलीनें काय करावें? महत्त्वाच्या बाबींत जाणूनबुजून खोटें सांगितल्याचें ठरलें, तर त्या देशाचें दार जन्मभरासाठीं बंद होऊं शकतें, हें भय तिला कोणीहि घालील. परंतु भयाहून मोठें कारण आहे. वर्षभराच्या प्रेमाची गोष्ट रचून सांगतांना ती आपल्या लग्नाची साक्ष देत नाहीं. दुसऱ्याच एका, न झालेल्या लग्नाची देते, आणि झालेलें लग्न सांगण्याच्या लायकीचें नव्हतें अशी कबुली मनांतल्या मनांत देऊन बसते. मामांनीं सुचविलेला मुलगा तिला चांगला वाटला, यांत लाजण्यासारखें काय आहे? तें तिनें निवडलेलें आहे. तें तसेंच सांगावें. छायाचित्रें असतील तेवढींच दाखवावीं. आवडीनिवडी ठाऊक नसतील तर नाहीं म्हणावें.

व्हिसा मिळाला तरी प्रकरण तेथें मिटत नाहीं. १९८६ च्या एका कायद्यान्वयें, प्रवेशाच्या वेळीं लग्नाला दोन वर्षें झालेलीं नसल्यास वास्तव्याचा हक्क दोन वर्षांपुरता सशर्त असतो, आणि ती मुदत संपत आली म्हणजे नवराबायकोंनीं मिळून पुन्हां अर्ज करावयाचा असतो. घटस्फोट झाला किंवा नवऱ्यानें छळ केला, तर पत्नीला एकटीला तो अर्ज करतां येतो. पण मोडलेलें लग्न मुळांत खरें होतें, हें तेव्हांहि तिलाच सिद्ध करावें लागतें. त्या वेळीं मामा सांगलीला असतात, नवरा विरुद्ध असतो, आणि तिच्या बाजूनें उभें राहतें तें मुंबईच्या त्या खिडकीपाशीं शपथेवर दिलेलें तिचें पहिलें उत्तर.