आरशासमोरचा मुलगा

धाकटीचा नवरा गेल्या वर्षी अचानक गेला. तेव्हापासून तिचा बारा वर्षांचा मुलगा ‘हॅरी पॉटर’चे भाग पुन्हा पुन्हा वाचतो आहे. ती पुस्तकं काढून घ्यावीत की राहू द्यावीत, हा तिचा पेच. तो तिनं थोरल्या बहिणीपुढे मांडला.

धाकटी : ताई, सातही भाग कपाटात घालून कुलूप लावावं असं मनात येतंय. घराचे हप्ते मी एकटी फेडतेय आणि हा जादूच्या शाळेत जाऊन बसलाय. कधीतरी त्याला खऱ्या जगात आणायला हवं ना?

थोरली : खरं जग त्याच्या अंगावर येऊन आदळलंय, अगं. वाचताना तो काय शोधतोय, ते आधी बघू.

धाकटी : शोधतोय कसलं? पळतोय.

थोरली : हा आरोप अद्भुतकथा लिहिणाऱ्या टॉल्किनच्या कानावरही आला होता. 1939 साली परीकथांवर व्याख्यान देताना त्यानं त्याचा समाचार घेतला. तुरुंगातला कैदी घराचा विचार करतो आणि एखादा शिपाई रणांगण सोडून पळतो. या दोघांना आपण एकाच मापानं मोजतो, असं त्याचं म्हणणं होतं. हे बोलणारा माणूस 1916 साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता. जवळचे मित्र त्यानं त्या युद्धात गमावले. आणि आई वारली तेव्हा तोही बारा वर्षांचाच होता.

धाकटी : कैद्याला निदान सुटायची आशा असते. याला कसली सुटका? त्याचे बाबा परत येणार नाहीत. छडी फिरवली की सगळं साधतं अशा जगाची सवय लागली, तर इथलं जगणं त्याला अधिकच जाचेल.

थोरली : सगळं साधतं? तू वाचलंयस का ते?

धाकटी : नाही. सिनेमा पाहिला, तोही अर्धवट.

थोरली : त्या जगात झाडू उडतात, भिंतीवरची चित्रं बोलतात, पण मेलेलं माणूस परत येत नाही. हॅरीच्या मेलेल्या आईवडिलांना जिवंत करायला लेखिका रोलिंगला कोण अडवणार होतं? तिनं ते केलं नाही. ही कथा तिनं 1990 साली लिहायला घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिची स्वतःची आई गेली. हवं ते घडवता येईल अशा जागी बसूनही तिनं वाचकाला खोटा दिलासा दिला नाही. दुःखात असलेलं मूल अशा पुस्तकावर विश्वास टाकतं. आपण त्याला काय सांगितलं, आठवतंय? ‘बाबा देवाघरी गेले.’ ‘आता घरातला कर्ता पुरुष तूच.’

धाकटी : आपल्या कथांत तर सावित्री नवऱ्याला परत आणते. यंदा वटपौर्णिमेला मला वडाकडे बघवलं नाही.

थोरली : बघवणार नाहीच. मनासारखं घडवून आणणारी गोष्ट अशा वेळी जखमेवर मीठ चोळते. पण यमाशी बोलणारी सावित्री एकटीच नाही. उपनिषदातला नचिकेताही लहानच होता. यम त्याला सोनं, हत्ती, दीर्घायुष्य असं सगळं देऊ करतो. तो ते नाकारतो आणि एकच धरून बसतो : मेल्यावर माणसाचं काय होतं ते सांग. तुझ्या मुलाचा प्रश्न याहून वेगळा असेल असं मला वाटत नाही.

धाकटी : मग तो मला का विचारत नाही?

थोरली : काल मी त्याचा पहिला भाग हातात घेतला. कणा सेलोटेपनं चिकटवलाय. टेबलावर ठेवलं की पुस्तक आपोआप बाराव्या प्रकरणाशी उघडतं आणि तिथल्या पानांच्या कडा बोटं लागून मळल्यात. त्या प्रकरणात एक आरसा आहे. मनातली सर्वांत खोल इच्छा त्यात दिसते. हॅरीला त्यात आईवडील दिसतात. तो रोज रात्री जाऊन त्यांच्याकडे बघत बसतो.

धाकटी : म्हणजे माझी भीती खरीच! हासुद्धा त्या आरशासमोरच बसलाय.

थोरली : असेलही. ती भीती मी खोटी ठरवणार नाही. पण हा धोका त्याला त्याच प्रकरणात सांगितलेला आहे. तिसऱ्या रात्री शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर तिथे भेटतो. या आरशापुढे बसून माणसं झिजून गेलीत, उद्या तो हलवणार आहे, पुन्हा शोधू नकोस, असं सांगतो. चांगली अद्भुतकथा स्वतःच्या मोहापासून वाचकाला सावध करते. आणि हे सांगण्याआधी मुख्याध्यापक काय करतो माहीत आहे? रागावत नाही. खाली जमिनीवर, त्या मुलाशेजारी येऊन बसतो.

धाकटी : पुस्तकं काढून घेतली तर त्याचा आधार जातो, ठेवली तर मुलगा हातचा जातो. मी करू काय?

थोरली : तो जेवतोय का, झोपतोय का, मित्रांत मिसळतोय का, याकडे लक्ष ठेव. ते बिघडलं तर पुस्तकावर विसंबून चालणार नाही. समुपदेशकाकडे जाऊ, मी येईन सोबत. तोवर कुलूप नको. ते प्रकरण तू वाच आणि त्याला विचार, तुला त्या आरशात काय दिसेल?

धाकटी : उत्तर मला ठाऊक आहे. तो ‘बाबा’ म्हणेल आणि मला रडू फुटेल. त्याच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलंय, ताई.

थोरली : त्यानंही तुझ्यासमोर तेच ठरवलं असेल. पुस्तकात त्याला कुणी गप्प बसवत नाही.

धाकटी : (थोड्या वेळानं) आज रात्री वाचते. आणि त्यानं उलट विचारलं, आई, तुला काय दिसेल, तर मीही खरं तेच सांगेन.