अरण्य गेलें, स्मरण न जावो
(मनन : स्तोत्र १३७)



बाबेलच्या नद्यांपाशीं बसलेल्या बंदिवानांची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ज्यांनीं त्यांना देशोधडीस लाविलें, त्यांनींच करमणुकीसाठीं त्यांच्याजवळ गाणें मागितलें. बंदिवानांनीं वाद्यें झाडांवर टांगून ठेविलीं. परंतु यरुशलेमेचा विसर पडूं दिला नाहीं. गाणें थांबलें, स्मरण थांबलें नाहीं.

अशीच गोष्ट आमच्या काळीं आफ्रिकेंतील युगांडा देशांत घडली आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागांत ब्विंडी व म्गाहिंगा हीं डोंगराळ अरण्यें आहेत. बाट्वा नांवाचे लोक तेथें पिढ्यानपिढ्या शिकार करून व मध गोळा करून राहात असत. अरण्य हेंच त्यांचें कोठार, तेंच औषधालय व तेंच पूजास्थान. १९९१ सालीं सरकारनें गोरिलांच्या रक्षणार्थ तीं अरण्यें राष्ट्रीय उद्यानें ठरविलीं आणि बाट्वांना बाहेर काढिलें. बहुतेकांस बदली जमीन मिळाली नाहीं. परक्याच्या शेतांत मजुरी करणें, नाहीं तर हात पसरणें, हेंच त्यांच्या वांट्यास आलें. वन्य प्राणी राखावे हें योग्यच आहे. तेही देवाचेच आहेत. पण चिमणीची काळजी वाहणारा पिता मनुष्यास विसरत नाहीं, मग आपण कसें विसरावें?

अरण्याबाहेर जन्मलेल्या मुलास औषधी पाला कोण दाखविणार? झाड डोळ्यांपुढें नसलें म्हणजे त्याचें नांवही जिभेवरून जातें. म्हणून २०११ सालीं म्गाहिंगा येथें पाहुण्यांसाठीं एक वाट खुली करण्यांत आली. तेथें बाट्वा मंडळी काड्या घासून अग्नि पाडून दाखवितात, औषधी वनस्पति ओळखून देतात, आणि शेवटीं गरामा नांवाच्या गुहेंत, काळोखांत, गाणें गातात. यायोगें कांहीं ज्ञान टिकतें व चार पैसेही मिळतात; तें आम्ही हलकें लेखीत नाहीं. तथापि आम्हांस बाबेल आठवतें. जेथें घर बांधण्याची मनाई, तेथेंच पाहुण्यांपुढें गावयाचें! गाणें जपलें आणि गाणारा उपाशी राहिला, तर आपण काय जपलें?

बाट्वांनीं न्यायही मागितला. पुरेसा मोबदला न देतां त्यांना भूमीवरून उठविण्यांत आलें, हें युगांडाच्या संविधान न्यायालयानें २०२१ सालीं मान्य केलें. नाबोथाच्या वतनाचा कैवार घेणारा देव अजून जिवंत आहे.

हें दूरदेशचें वृत्त म्हणून सोडूं नये. आपल्या मेळघाटांतही व्याघ्रप्रकल्पासाठीं कोरकूंचीं गांवें उठलीं आहेत. शिवाय प्रभूकडे वळलों म्हणजे आजीचीं गाणीं टाकावयाचीं, असें आपल्यांतही कित्येकांस वाटतें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग टाकिला नाहीं. त्यांतच ख्रिस्ताचें भजन केलें.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, पुढील भेटींत वृद्धांपाशीं निवांत बसा. पाल्याचें नांव, दळणाची ओवी, वाडवडिलांच्या गांवाची वाट विचारा, आणि शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून तें लिहवून घ्या. ज्यांची जमीन गेली आहे, त्यांचा अर्ज लिहून द्या व त्यांच्याबरोबर कचेरीची पायरी चढा. हीं दोन्हीं कामें एकाच प्रीतीचीं आहेत.

बंदिवानांचे अश्रु मोजणारा प्रभु आम्हांस ऐकणारे कान व सोबत चालणारे पाय देवो. आमेन.