आधी कोण, आणि कितीने?

2003 साली महाराष्ट्राने आपलं जलधोरण ठरवलं, तेव्हा पाणीवाटपात पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगांना मिळाला आणि शेती तिसऱ्या क्रमांकावर गेली. कागदावरच्या या एका ओळीचा अर्थ अमरावती जिल्ह्याला काही वर्षांनी कळला. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. अमरावती शहर त्याचं पाणी पितं. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतली शेती त्याच्या कालव्यांवर भिजते. नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी याच धरणातलं वर्षाला 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. 2011 मध्ये राज्य सरकारने प्राधान्यक्रम फिरवला. शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला.

ही दुरुस्ती योग्यच होती. पण तिच्यामुळे जे सुटायला हवं होतं ते सुटलं नाही, कारण क्रम फक्त आधी कोण ते सांगतो. कितीने आधी, हे तो सांगत नाही. क्रम शब्दशः पाळायचा तर शेतीचा शेवटचा हेक्टर भिजेपर्यंत कारखान्याला थेंबही देता येणार नाही. तसं कुठलंच सरकार करत नाही, करू शकत नाही. म्हणजे धोरणात क्रम लिहिलेला असतो आणि प्रत्यक्ष वाटप कुठल्या तरी वजनांनी होतं. ती वजनं कोणी उच्चारलेली नसतात. ती बैठकीत ठरतात आणि इतिवृत्तात येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की गेल्या दीडशे वर्षांत माणसाने ‘कितीने?’ हा प्रश्न विचारायची एक रीत शोधून काढली आहे आणि वऱ्हाडासारख्या, सगळं काही पाण्याशी येऊन थांबणाऱ्या मुलखाला तिची फार गरज आहे. पण ती रीत कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहायला हवं.

आपल्याकडे हा प्रश्न अगदी जवळ येऊन निसटल्याचं मोठं उदाहरण म्हणजे अनुशेष. 1983 मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणारी सत्यशोधन समिती नेमली गेली आणि 1984 मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सर्वसाधारण शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा ही नऊ क्षेत्रं समितीने घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली, जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे ते मोजलं आणि ती दरी भरायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष, असं ठरवलं. राज्याचा एकूण अनुशेष 3,186 कोटी रुपयांच्या घरात निघाला. त्यातला 1,246 कोटींहून अधिक एकट्या विदर्भाचा. या हिशेबाने विदर्भाच्या तक्रारीला पहिल्यांदा आकडा मिळाला आणि पुढची कित्येक वर्षं वऱ्हाडातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या भाषणात तो आकडा राहिला.

या हिशेबातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिंचनाचा अनुशेष मोजताना हेक्टर सरळ मोजत नाहीत, ते ‘रब्बी ज्वारी समतुल्य’ हेक्टरमध्ये आणतात. उसाचा एक हेक्टर आणि ज्वारीचा एक हेक्टर यांना लागणारं पाणी वेगळं, म्हणून एकाला दुसऱ्याच्या पटीत मांडायचं. हाच तो ‘कितीने?’ पिकाला तो विचारला गेला. पण सिंचन आणि आरोग्य, रस्ते आणि शाळा यांच्यात तो कोणी विचारला नाही. तिथे वजनाचं काम रुपयाने केलं. धरण महाग, म्हणून सिंचनाचा अनुशेष मोठा. पशुवैद्यकीय दवाखाना स्वस्त, म्हणून त्याचा लहान. वस्तूची किंमत आणि तिची निकड एकच मानली गेली. समितीला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दुसरं कोणतंही माप हातात घेतलं असतं तर ‘हे वजन कोणी ठरवलं?’ असा गदारोळ झाला असता. रुपयाबद्दल ते कोणी विचारत नाही.

आता ‘कितीने?’ विचारायची ही रीत कुठून आली ते पाहू. जर्मनीत लाइपझिगला गुस्टाव फेखनर नावाचा अभ्यासक होता. दोन वजनं हातात घेऊन जड कोणतं ते सांगायचं, हा प्रयोग त्याने हजारो वेळा केला आणि 1860 मध्ये त्यावरचा मोठा ग्रंथ छापला. एखादं वजन नुसतं उचलून ते किती आहे हे माणसाला नीट सांगता येत नाही, पण दोन उचलून त्यातलं जड कोणतं हे तो बऱ्यापैकी सांगतो, हे अशा प्रयोगांतून पक्कं झालं. 1927 मध्ये शिकागोच्या लुई थर्स्टन यांनी पुढची उडी घेतली. त्यांनी विचार केला, की जे तराजूत घालताच येत नाही, तेही असं जोडी-जोडीने तोलता येईल. त्यांनी गुन्ह्यांची यादी घेतली, विद्यार्थ्यांपुढे एका वेळी दोनच गुन्हे ठेवले आणि जास्त गंभीर कोणता एवढंच विचारलं. हजारो साध्या उत्तरांतून समाजाच्या मनातली मोजपट्टी उभी राहिली.

धोक्याची सूचना मात्र त्याच्याही बरीच आधी देऊन ठेवलेली होती. 1785 मध्ये फ्रान्सच्या काँदोर्सेने दाखवलं होतं, की बहुमताने जोडी-जोडीने निवड केली तर अ हा ब पेक्षा, ब हा क पेक्षा आणि क हा परत अ पेक्षा सरस ठरू शकतो. प्रत्येक मतदार सरळ विचार करत असला तरी समूह गोल फिरतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

निर्णयासाठी या सगळ्याचं अवजार बनवलं ते थॉमस साटी यांनी. जन्म इराकमधल्या मोसुलचा, 1926 चा, शिक्षणाने गणिती. 1960 च्या दशकात ते अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्यात होते. तिथे एका बाजूला शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला वकील, मुत्सद्दी असत आणि त्यांचं एकमेकांशी जुळत नसे. नामांकित अर्थतज्ज्ञ बोलावूनही त्यांचे सिद्धांत वाटाघाटीच्या टेबलावर उपयोगी पडले नाहीत. या अनुभवातून साटींनी 1970 च्या दशकात ‘अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस’ रचली. 1977 मध्ये तिच्यावरचा त्यांचा महत्त्वाचा लेख आणि 1980 मध्ये पुस्तक आलं. प्रश्नाचे निकष पाडायचे, एका वेळी दोन निकष समोर ठेवायचे आणि एक दुसऱ्याहून किती पट महत्त्वाचा ते 1 ते 9 या पट्टीवर सांगायचं. 1 म्हणजे दोन्ही सारखे, 9 म्हणजे एकाचं पारडं पूर्ण झुकलेलं. उत्तरांचा तक्ता मांडून त्यातून वजनं काढायची.

हे शिवारात आणून पाहू. अकोटकडचा कोरडवाहू शेतकरी जूनच्या तोंडावर पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर यांचा मेळ बसवत असतो. निकष बरेच असतात, आपण तीनच घेऊ : पीक हाती येण्याची खात्री, भाव आणि मजूर. तिघांना एकदम टक्के द्या म्हटलं तर तो गप्प बसेल. पण ‘भाव का खात्री?’ विचारलं, की उत्तर तयार असतं : “भावाचं मंग पाहू, पयले माल घरी तं आला पाहिजे.” किती पट? तीन पट, समजा. खात्री मजुरांहून पाच पट, भाव मजुरांहून दुप्पट. तक्त्यातल्या प्रत्येक उभ्या रांगेची बेरीज करून आकडे तिने भागले आणि आडव्या ओळींची सरासरी काढली, तर खात्रीला सुमारे 65, भावाला 23 आणि मजुरांना 12 टक्के वजन येतं. कागद-पेन्सिलीचं काम आहे. खात्री भावाच्या तिप्पट आणि मजुरांच्या पाचपट, म्हणजे भाव मजुरांच्या पावणेदोन पटीच्या आसपास यायला हवा. तो दोन म्हणाला. एवढा फरक चालतो. साटींनी या विसंगतीचंही माप दिलं आहे आणि ते एक दशांशाच्या आत असावं असं म्हटलं आहे.

समजा तोच शेतकरी तिसऱ्या प्रश्नाला उलटा गेला. खात्री भावाहून मोठी, भाव मजुरांहून मोठा, आणि ‘मजूर का खात्री?’ विचारल्यावर म्हणाला मजूर. काँदोर्सेचं चक्र एकाच माणसाच्या डोक्यात! पुस्तक सांगतं, विसंगती जास्त आली, उत्तरं पुन्हा तपासा. मी म्हणेन, तपासण्याआधी त्याला विचारा. तो सांगेल, की मजुरांचं नाव घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वेचणी होती. कापूस फुटून झाडावर लोंबतोय, वेचायला बाया मिळत नाहीत आणि वरून अवकाळी येतोय. म्हणजे त्याच्यासाठी मजूर मिळणं हाच खात्रीचा एक भाग आहे. सोयाबीनला हीच अडचण वेगळ्या रूपात येते : कापणीच्या दिवसांत पाऊस लागला तर शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. आपण दोन वेगळे निकष मानले होते ते आतून एकमेकांत गुंतलेले होते. चूक शेतकऱ्याच्या उत्तरात नव्हती, आपण पाडलेल्या निकषांत होती. विसंगतीचा आकडा तिथे बोट ठेवतो, म्हणून या पद्धतीतला मला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो.

या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती खरी आहे. 1983 मध्ये बेल्टन आणि गिअर या अभ्यासकांनी दाखवलं, की यादीत एक जुन्यासारखाच नवा पर्याय घातला तर आधीच्या पर्यायांचा आपसातला क्रम उलटू शकतो. सोयाबीनचा जवळपास तसाच दुसरा वाण यादीत आला म्हणून पऱ्हाटी आणि तूर यांनी जागा बदलाव्यात, हे कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही. प्रश्नांची संख्याही पटापट वाढते. सात निकषांना 21 जोड्या होतात, नऊंना 36. माणूस कंटाळतो आणि विसाव्या जोडीला काहीही ठोकून देतो. 2015 मध्ये डेल्फ्टच्या जाफर रेझाई यांनी सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा निकष आधी निवडून फक्त त्यांच्याशीच बाकीच्यांची तुलना करायची पद्धत मांडली, ती याच कंटाळ्यावरचा उपाय म्हणून.

आज ही रीत सर्रास दिसते ती भूजलाच्या नकाशांत. खडक, उतार, ओढ्यांची दाटी, जमिनीतल्या भेगा, माती, जमिनीचा वापर, पाऊस असे थर घेतात, तज्ज्ञांकडून जोड्या लावून घेतात आणि पाणी कुठे लागेल याचा रंगीत नकाशा निघतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात तो उपयोगाचा आहे. पण पूर्णा नदीच्या खोऱ्यात या. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. सपाट जमीन, खोलवर गाळ, पाणी साठायला जागा भरपूर. वरच्या यादीतल्या बऱ्याच निकषांवर हा पट्टा चांगले गुण मिळवील. फक्त ते पाणी खारं आहे. पिकाला सतत दिलं तर जमीन चोपण होते आणि माणसाला ते पिववत नाही. दर्यापूरकडच्या बाईला या जोड्या लावायला बसवलं असतं, तर तिने पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं, की पाणी गोड का खारं, हे तुमच्या यादीत कुठं आहे? वजनं कितीही काटेकोर काढली, तरी जो निकष यादीत नाही त्याचं वजन शून्य राहतं. म्हणून यादी कोणी केली, हा प्रश्न गणिताच्या आधीचा आहे.

आणि यादी सगळ्यांनी मिळून केली तरी एक गाठ उरतेच. खारपाणपट्ट्यातल्या गावांना पिण्याचं पाणी लांबून आणावं लागतं. वान धरणावरची 84 खेडी योजना अशाच गरजेतून आली. त्याच वानचं पाणी तेल्हाऱ्याच्या शेतीला ठेवायचं की आणखी लांबच्या, बाळापूरकडच्या गावांना प्यायला द्यायचं, यावर अकोला जिल्ह्यात संघर्ष झाला. कागदावर तर पिण्याचं पाणी पहिलंच आहे, पण तेल्हाऱ्याचा शेतकरी विचारतो : जवळचा दुसरा स्रोत न शोधता माझ्याच धरणावर किती भार टाकणार? समजा, दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलाशी बसवली. बाळापूरकडचा म्हणाला, पिण्याचं पाणी सिंचनाहून चौपट महत्त्वाचं. तेल्हाऱ्याचा म्हणाला, या धरणापुरतं सिंचन चौपट. समूहाची मतं एकत्र करताना या पद्धतीत भूमितीय सरासरी घेतात. चार आणि एक चतुर्थांश यांची भूमितीय सरासरी येते एक. म्हणजे ‘दोन्ही सारखेच महत्त्वाचे’. टेबलाशी बसलेल्या एकानेही असं म्हटलेलं नसतं! हिशेब बिनचूक, विसंगती शून्य आणि निष्कर्ष कोणाचाच नाही.

अनुशेषात रुपयाने जे केलं, तेच इथे सरासरी करते : वजन कोणी ठरवलं ते दिसेनासं होतं. फरक इतकाच, की जोड्यांचा तक्ता हातात असतो आणि तो झाकण्याऐवजी उघडा ठेवता येतो. जिल्हा नियोजन समितीपुढे दांडेकरांच्या नऊ क्षेत्रांच्या 36 जोड्या ठेवल्या तर एका दुपारचं काम आहे. धारणीच्या सदस्याचा तक्ता आणि अमरावती शहराच्या सदस्याचा तक्ता वेगळा निघेल, निघायलाच हवा. मेळघाटातली आई आणि शहरातला व्यापारी आरोग्य आणि रस्ते यांना एकच वजन का देतील? हे तक्ते सरासरीत विरघळवण्याआधी सदस्यांच्या नावासह नोटीस बोर्डावर लावता येतात. वानच्या बाबतीत तेल्हारा आणि बाळापूर यांचे दोन तक्ते शेजारी-शेजारी छापता येतात. त्यानंतर सरासरी काढायचीच असेल तर ती कोणी आणि कोणत्या अधिकाराने काढली, त्याची सही त्याच कागदावर घेता येते.