मुलाकातीची वही

तळोजा मध्यवर्ती कारागृह आपल्या पनवेल तालुक्यातच आहे, पण आपल्या गप्पांत ते येतं कुणी गाजलेला आरोपी तिथं आला की तेवढ्यापुरतं.

तुरुंगाच्या आतही तसंच: जो आरडाओरडा करतो, डोकं आपटतो, त्याच्याकडे शिपायाचं लक्ष जातं. जो भिंतीकडे तोंड करून पडून असतो, आपली चपाती शेजारच्याला देऊन टाकतो, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. गिनतीत तो हजर असतो. त्याचं नैराश्य चांगली वर्तणूक म्हणून खपून जातं. (बाहेर तरी काय वेगळं? न बोलणाऱ्या सुनेला आपण गुणीच म्हणतो.)

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कारागृहातल्या डॉक्टरांना मानसिक उपचारांचं किमान प्रशिक्षण द्यायचं आहे. २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली दर ५०० बंद्यांमागे एक समुपदेशक मागते. तळोज्याची क्षमता २१२४. म्हणजे निदान चार हवेत. समजा, चारही बसवले. तरी हा गप्प पडलेला माणूस आपल्या पायांनी त्यांच्यापर्यंत जाणार आहे का?

बंद्याला नेमकं काय हवं असतं? आरोपी म्हणून अटकेत असलेले ख्रिस्ती धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांचं उदाहरण घ्या. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल ज्याचं त्याचं मत असो. कंपवाताचा त्रास असलेले हे वृद्ध गृहस्थ ऑक्टोबर २०२० पासून तळोज्यात होते. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिडिओवरून विचारपूस केली, तेव्हा त्यांनी जे. जे. रुग्णालय नाकारलं. त्यांना रांचीला, आपल्या माणसांत जायचं होतं. ५ जुलैला वांद्र्याच्या रुग्णालयात ८४ व्या वर्षी ते वारले. जामिनाचा अर्ज तसाच पडून होता. दुखणं शरीराचं असलं तरी मागणी माणसांची होती.

माणसाला आपली माणसं लागतात, हे कायद्यालाही कळतं, पण उलट्या बाजूने. आरोपी मनोरुग्ण असल्यामुळे स्वतःचा बचाव करू शकत नसेल, तर खटला थांबतो. कोठडी मात्र आपोआप सुटत नाही. त्याला जामिनावर सोडता येतं, पण त्यासाठी सांभाळायची हमी घेणारा नातेवाईक किंवा मित्र पुढे यायला हवा. ज्याला कुणीच नाही, त्याचं दुखणंच त्याची कैद लांबवू शकतं. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं बेकायदा ठरवलं. गुन्ह्याचा नुसता आरोप असलेल्यांचं काय? आणि देशातले जवळपास तीन चतुर्थांश बंदी तर अजून न्यायाधीनच आहेत.

म्हणून मला वाटतं, कारागृहात मनाच्या आजाराचा माग काढायचा तर केसपेपरच्या आधी मुलाकातीची वही उघडावी. कुणाला महिनोन्महिने कुणी भेटायला आलं नाही, हे तिच्यात दिसतं. पाहणीला येणाऱ्या न्यायाधीशांनी आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी ती वही मागून घ्यावी, तीत ज्यांच्या नावापुढे काहीच नाही त्यांची यादी करावी आणि त्या दिवशी समुपदेशकाला घेऊन आधी त्यांच्याच बराकीत जावं.