अनित्याचा धर्म आणि अजिंठ्याचा कातळ

छत्रपती संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरच्या फर्दापूरपासून जवळच, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरच्या कड्यात अजिंठ्याची 30 लेणी आहेत. जे घडले ते मोडणार, ही बौद्ध धर्माची मूळ शिकवण. ती मानणाऱ्यांनीच आपल्या वास्तूंसाठी सर्वांत चिवट साधन, म्हणजे काळा कातळ निवडला. वस्तूंवरची आसक्ती सोडायला सांगणाऱ्या धर्माला एवढी टिकाऊ वस्तू कशासाठी हवी होती, हा अजिंठ्याचा खरा तात्त्विक प्रश्न आहे. प्रवासी पुस्तिकांत तो सहसा येत नाही.

पहिल्या टप्प्यातील लेणी, त्यांतही 9 आणि 10 ही चैत्यगृहे, इसवी सनापूर्वीची आहेत. तिथे बुद्धमूर्ती नाही, स्तूप आहे. दुसरा आणि मोठा टप्पा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. लेणे 16 त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिले. लेणे 17 एका मांडलिक राजाचे. धाकट्या भावाच्या मृत्यूने खचलेल्या त्या राजाने अनित्यतेचा विचार मनाशी धरून दानधर्म केला, असे तिथला शिलालेख सांगतो. म्हणजे या डोंगरातले सर्वांत समृद्ध चित्रदालन एका शोकातून उभे राहिले.

त्या दालनात रंगवले काय, तर मुख्यतः संसार. दारावर सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय ओळीने बसले आहेत, आणि त्यांच्या खालच्या पट्टीत आठ प्रेमी युगुले. व्हरांड्यात मद्याचा पेला हाती घेतलेले राजस जोडपे दिसते. उपासकाच्या पंचशीलात मद्य वर्ज्य, भिक्खूला तर स्त्रीसहवासही वर्ज्य. तरी भिक्खूंच्या निवासाच्या उंबरठ्यावर हे सगळे निःसंकोच मांडले आहे. त्याच व्हरांड्यात डाव्या हाताला भवचक्र आहे, अर्धेअधिक झडलेले. सुख आणि त्याचे फिरते चाक शेजारी शेजारी ठेवले की चित्र मोहाचे राहत नाही, मोहाविषयीचे होते. शेजारच्या लेणे 16 मधली, नवऱ्याने, म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याने, संसार सोडल्याचे कळताच कोसळणारी सुंदरीही याच जातीची. त्यागाची किंमत कोण मोजतो, हे चित्रकाराने लपवलेले नाही. भिक्खूंना सौंदर्याचे वावडे होते, हा समज अजिंठा पाहिल्यावर टिकत नाही.

टिकाऊपणाच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर लेणे 26 मध्ये मिळते. ते बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने अश्मक देशाचा दिवंगत मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ करवले. त्याच्या शिलालेखाचा आशय असा: जगात माणसाची आठवण जोवर ताजी, तोवर तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक डोंगरात उभारावे. भिक्खूच्या तोंडी हे बोल आश्चर्याचे वाटतात, पण बौद्ध विचारात त्याला जागा आहे. देह संपतो, कर्माचे फळ मागे उरते. दानाचे पुण्य आईवडिलांना, मित्राला, सर्व प्राणिमात्रांना देता येते. लेणे म्हणजे त्या पुण्याचे साधन. शिवाय त्याच लेण्यात कोरले आहे महापरिनिर्वाण: सुमारे सात मीटर लांबीचा, उजव्या कुशीवर पहुडलेला बुद्ध, मंचकाखाली शोक करणारे शिष्य, आणि वर आकाशात वाद्ये घेतलेले देवगण. चिरकाल टिकावे म्हणून जे कोरले, ते एका मृत्यूचे शिल्प आहे.

आठवण राहावी ही ओढ भिक्खूंपुरती नव्हती. 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणे 10 मधल्या रंगवलेल्या खांबावर आपले नाव कोरले. जमिनीवर तेव्हा मातीचा ढीग होता, म्हणून ते नाव आज डोक्याच्या वर दिसते. दानाचा लेख आणि हा ओरखडा यांत फरक हेतूचा आहे: एकाने पुण्य वाटले, दुसऱ्याने फक्त नाव ठेवले.

कातळ टिकला, रंग मात्र भूसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्याला कीड, दमट हवा, माणसांचा श्वास सगळेच बाधते. निजामाच्या राजवटीत 1920 च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षे गेली. चित्रकार रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे खपून काढलेल्या इथल्या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1983 मध्ये अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आला. आज चित्रांच्या जतनासाठी फ्लॅशला मनाई आहे. अनित्यता मान्य करणे आणि जपणूक करणे यांत विरोध नाही: वस्तू नाशवंत असते म्हणूनच तिला सांभाळावे लागते.

महाराष्ट्रात 1956 च्या धम्मदीक्षेनंतर इथे येणाऱ्या अनेकांसाठी ही लेणी पुरावस्तू नाहीत, आपल्या धम्माचा वारसा आहेत. पण कोणत्याही श्रद्धेने आले तरी बरेच जण 1, 2, 16, 17 पाहून थकतात आणि माघारी फिरतात. लेणे 26 कड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथवर जाण्याइतका वेळ हाताशी ठेवूनच फर्दापूर सोडावे. सोमवारी लेणी बंद असतात.