आईबापांच्या चिकाटीवर चाललेला न्याय

13 जून 1997. दिल्लीच्या ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’चा दुपारचा खेळ सुरू होता. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्याच दिवशी सकाळी एकदा आग लागून गेली होती. वीज मंडळाच्या माणसांनी तो दुरुस्त केला, पण क्रिम्पिंगचे यंत्र न वापरता, डाय आणि हातोडीने ठोकून. संध्याकाळी पाचच्या सुमारास जोड सुटला, तेल गळून पेटले, पार्किंगमधल्या गाड्यांनी पेट घेतला आणि जिन्यातून धूर बाल्कनीत चढला. बाल्कनीचा उजवीकडचा रस्ता मालकांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या आठ खुर्च्यांच्या कक्षाने अडवलेला होता. दिवे गेले, ध्वनिक्षेपकावरून कोणी काही सांगितले नाही. 59 माणसे मेली. त्यांत नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुले होती: 17 वर्षांची उन्नती आणि 13 वर्षांचा उज्ज्वल.

या दांपत्याने त्याच महिन्यात इतर कुटुंबांना गोळा करून संघटना उभी केली आणि पुढची पंचवीस वर्षे कोर्टात काढली. त्यांच्यावर बोलताना ‘धीर’, ‘चिकाटी’ हे शब्द आपोआप येतात. त्या कौतुकाबद्दलच मला शंका आहे. खटला सीबीआयचा, म्हणजे सरकारचा होता. फौजदारी गुन्हा हा समाजाविरुद्धचा गुन्हा, म्हणून तो सरकार लढवते, असे आपण शाळेपासून ऐकतो. मग तारखेला हजर राहणे, कागद वाचणे, कायदा शिकणे, कोण काय विसरते यावर डोळा ठेवणे ही कामे दोन मुले गमावलेल्या आईबापांच्या गळ्यात का पडली? आपण ज्याला त्याग म्हणतो, तो बऱ्याच अंशी व्यवस्थेने न केलेल्या कामाचा भार आहे.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. खटला चालू असताना खुद्द न्यायालयाच्या ताब्यातले पुराव्याचे कागद फाटलेले, गहाळ झालेले, शाई सांडलेले आढळले. ते कागद चित्रपटगृहाच्या रोजच्या कारभारात मालकांचा हात होता हे दाखवणारे होते. या छेडछाडीचा वेगळा गुन्हा नोंदला गेला तो नीलम कृष्णमूर्ती उच्च न्यायालयात गेल्यानंतर. 2021 मध्ये त्यात मालक सुशील आणि गोपाळ अन्सल दोषी ठरले आणि सात वर्षांची शिक्षा झाली. आईबाप घरी बसले असते, तर त्या फाटक्या पानांचे काय झाले असते, याचा अंदाज वाचकाने करावा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. पीडितांना सूड हवा असतो, न्यायाधीशाला तो देता येत नाही. शिक्षा अश्रूंच्या मापाने ठरू लागली तर कायदा उरणार नाही. मान्य. कृष्णमूर्तींना अधिक कडक कलम हवे होते, हेही खरे. पण प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. लागलेले कलम 304 अ निष्काळजीपणाचे, त्यात कमाल शिक्षा दोन वर्षे. 2007 मध्ये ती दोन वर्षे झाली, 2008 मध्ये उच्च न्यायालयात एक वर्ष राहिले. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी 30 कोटी दंड भरण्याच्या अटीवर भोगलेली कैदच पुरेशी मानली. 2017 मध्ये गोपाळ अन्सलना उरलेली कैद भोगायला सांगितले, सुशील अन्सलना मात्र वयामुळे सवलत मिळाली. 2022 मध्ये छेडछाडीच्या खटल्यातली सात वर्षेही भोगलेल्या कैदेवर आली; कारण पुन्हा वय. न्यायालय रागाने आंधळे झाल्याची यात कुठे खूण आहे? उलट, खटला वीस वर्षे रेंगाळतो, त्यात आरोपी म्हातारा होतो आणि ते म्हातारपण दयेचे कारण ठरते. आईबापही तितकेच म्हातारे झालेले असतात, पण त्यांच्या वयाची नोंद निकालपत्रात कुणाला सवलत देत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा: भरपाई मिळाली ना? 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती 20 वर्षांवरच्या मृतांसाठी 10 लाख आणि त्याखालच्यांसाठी साडेसात लाख केली, उच्च न्यायालयाने दिलेली 18 आणि 15 लाखांची रक्कम कमी करून. रकमेवर वाद घालण्यात अर्थ नाही. भरपाई नुकसानीची असते. चूक कोणाची, हे ठरवायचे काम तिने होत नाही.

आणि कृष्णमूर्तींपाशी निदान शिक्षण होते, दिल्लीत घर होते, फी न घेता लढणारा ज्येष्ठ वकील होता. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली, 10 बाळे गेली. त्यांच्या आयांनी हातातली मजुरी टाकून कोणत्या कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवायच्या? आईबापांच्या चिकाटीवर अवलंबून असलेला न्याय हा ज्यांना चिकाटी परवडते त्यांचाच असतो.

2009 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 372 ला परंतुक जोडून पीडितांना अपिलाचा हक्क दिला गेला: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली तर. शिक्षा अपुरी वाटली, तर मात्र नाही. संहिता बदलून नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमाचा आकडा 413 झाला. ही तरतूद तशीच आहे.